पोतनीस साहेबांचा काढा

नागपूरच्या मनीषनगरातल्या ‘गुलमोहर’ फ्लॅट स्कीममध्ये गुलमोहराचं झाड औषधालाही सापडायचं नाही. गच्चीवर गुडमारची वेल मात्र आहे, आणि ती लावली मार्तंडराव पोतनिसांनी. या वेलीच्या पानांनी शुगर उतरते असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मार्तंडराव नुसतं सांगून थांबले नाहीत. त्यांनी काढा उकळला आणि दोन वर्षं अख्ख्या स्कीमला पाजला. त्या काढ्यापायी धोंडबा नावाचा एक भला माणूस मरता मरता वाचला, त्याची ही हकिकत आहे. दोष द्यायचाच झाला तर तो एकट्या मार्तंडरावांच्या पदरात पडत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मार्तंडराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घराणं जुनं, भोसल्यांच्या काळात नागपुरात येऊन वसलेलं. आयुष्यात त्यांनी एका कागदावर न वाचता सही केली नाही. साहेब टेबलाशी ताटकळत उभे आहेत आणि हे आपले तिसऱ्या पानावरची ओळ बोट ठेवून वाचताहेत, हे दृश्य कचेरीत नेहमीचं होतं. लोक वैतागत, पण पुढे चौकशीबिकशी निघाली की पोतनिसांच्या हाताखालून गेलेला कागद कधी अडकत नसे. असा हा काटेकोर माणूस घरी मात्र बायकोने तळहातावर ठेवलेली गोळी कसली, हेही न विचारता पाण्याबरोबर गिळायचा. ब्लडप्रेशरची गोळी पंधरा वर्षं चालू होती आणि तिचं नाव त्यांना सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष वाईट गेलं. मुलगा विक्रम बंगळुरूला, घरात दोघंच. मार्तंडराव सवयीने सकाळी दहाला शर्ट-पँट चढवून तयार होत आणि जायला कुठे नाही म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहत. चारुशीलाबाई स्वयंपाकघरातून सारख्या डोकावून बघायच्या. त्यातच रक्त तपासलं तर उपाशीपोटीची शुगर निघाली दोनशे अडुसष्ट. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर ती चिठ्ठी बायकोच्या हातात देत मार्तंडराव म्हणाले, “आता एवढंच राहिलं. गोळ्या गिळायच्या अन् बसून राहायचं.”

मग कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला गुडमारवरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. तो त्यांनी जुन्या सवयीने बोट ठेवून चारदा वाचला. दुसऱ्या दिवशी नर्सरीतून वेल आणली आणि गच्चीवर निळा ड्रम कापून त्यात लावली. पंधरा दिवसांत घरात बिजासालच्या लाकडाचे ठोकळे आले, मेथीचे दाणे आले, वाळवलेल्या जांभूळबियांचं पोतं आलं. मार्तंडरावांनी जाहीर केलं की शुगरची एकही गोळी ते घेणार नाहीत. चारुशीलाबाईंनी मान डोलावली. नवरा खुर्चीतून उठला होता, सकाळी पाचला शीळ घालत गॅस पेटवत होता, आणि त्यांना त्या क्षणी दुसरं काही नको होतं.

काढ्याची कृती सरकारी कामासारखी होती. रात्री बिजासालचा ठोकळा पाण्यात टाकायचा. सकाळी पाण्याला चहासारखा रंग यायचा, आणि काचेच्या ग्लासात ते उन्हाकडे धरलं की कडेला निळसर झाक दिसायची. झाक दिसली नाही तर लाकूड खोटं, पाणी मोरीत. मग त्यात गुडमारची पानं, जांभळाच्या बियांची पूड, मेथी आणि कारल्याची कापं घालून मंद आचेवर आटवायचं ते चौथा हिस्सा उरेपर्यंत. हा चौथा हिस्सा अंदाजपंचे नव्हता. बांबूच्या कामटीवर मार्तंडरावांनी चाकूने खुणा केल्या होत्या आणि ती पातेल्यात बुडवून ते पातळी बघत. चव म्हणाल तर पहिल्याच घोटाला माणसाला आपली सगळी पापं आठवत.

दोन महिन्यांनी मार्तंडरावांची शुगर आली एकशे अठ्ठावीस. तो रिपोर्ट घेऊन ते चारही मजले हिंडले. चारुशीलाबाई आनंदाने देवापुढे साखर ठेवायला गेल्या तर साखर ठेवली म्हणून बोलणी खाल्ली. त्या आठवड्यापासून खाली पार्किंगमध्ये, नळाशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर, सकाळी साडेसहाला काढ्याची बैठक सुरू झाली. पहिले आले बँकेतून रिटायर झालेले मधुसूदन, मग शाळेत मास्तरीण असलेल्या सिंधूताई, आणि बघता बघता बारा जण जमले. सगळ्यांना शुगर. मार्तंडरावांनी वही घातली. दर रविवारी बोटाला टोचून मशीनवर शुगर बघायची आणि वहीत लिहायची. मशीन मार्तंडरावांचं, त्यात घालायची पट्टी ज्याने त्याने आपली आणायची, असा नियम त्यांनीच केला होता.

आकडे उतरायला लागले. कोणाचे कमी, कोणाचे जास्त, पण सगळ्यांचे उतरले. शनिवारी अर्धी मंडळी उपाशी झोपतात आणि रविवारी बोट टोचून झालं की दोन गल्ल्या पलीकडच्या ठेल्यावर तर्री-पोहा हाणतात, हे मार्तंडराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एका सकाळी मधुसूदनांना ओट्यावरच दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीन लावलं तर शुगर अठ्ठावन्न. सिंधूताईंनी पळत जाऊन गूळ आणून तोंडात घातला. मार्तंडराव घाबरले, पण मनातून त्यांना धन्यही वाटलं. “काढा तेज झाला हो,” ते म्हणाले, “उद्यापासून अर्धी कामटी कमी आटवतो.” मधुसूदनांनी गूळ चघळत मान हलवली आणि नजर दुसरीकडे फिरवली.

आता धोंडबा. स्कीमचा चौकीदार. काटोलकडच्या एका खेड्यातला, तिथली जमीन भाऊ वाहतो आणि हा बायकोला घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहतो. बायको रुखमाबाई स्कीममधल्याच चार घरची भांडी घासते. धोंडबाला चार वर्षांपासून शुगर होती. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात सकाळपासून लाइनीत उभं राहून तो फुकटच्या गोळ्या आणायचा आणि इमानेइतबारे खायचा. बैठकीतले लोक तोंड वाकडं करून पीत असतात ते काय, म्हणून एकदा तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

मार्तंडरावांना नवीन माणूस मिळाला की फार आनंद व्हायचा. त्यांनी गुडमारचं एक ओलं पान धोंडबाला चावायला दिलं. “चाव चांगलं. जिभेवर फिरव. आता हा गूळ खा.”

धोंडबाने गूळ तोंडात टाकला आणि त्याचे डोळे विस्फारले. “साहेब, गूळ तं माती झाला ना बाप्पा!”

गुडमारचं पान चावल्यावर घटकाभर जिभेला गोड कळत नाही. पण धोंडबाला त्यातून जे कळलं ते भलतंच होतं. तोंडातल्या गोडाची या पानाने माती केली, तर रक्तातल्या गोडाची काय बिशाद! त्याने तिथल्या तिथे विचारलं, “मंग साहेब, गोळ्याइचं काय करू?”

“मी तर एकही घेत नाही, धोंडबा,” मार्तंडराव म्हणाले. “हे सगळे बसले आहेत, यांनाही विचार.”

धोंडबाने ओट्यावर बसलेल्या बारा जणांकडे पाहिलं. बाराही जणांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी एक स्टीलचा ग्लास निघाला. चारुशीलाबाई रोज न चुकता तो भरून गेटपाशी नेऊन द्यायच्या, कारण धोंडबा गेट सोडून ओट्यावर कधी बसत नसे, आणि बस असं त्याला कोणी म्हटलंही नव्हतं. वहीत मार्तंडरावांनी तेरावं नाव लिहिलं. पुढचे रकाने मात्र कोरेच राहिले. पट्टी धोंडबाला परवडणारी नव्हती, आणि आपल्या खिशातून एक द्यावी हे काही मार्तंडरावांना सुचलं नाही. त्यांच्या मते गरजही नव्हती. “धोंडबाचं डोळ्यांनी दिसून राहिलं आहे ना,” ते बैठकीत सांगत. “पोट बघा कसं उतरलं!” पोट खरंच उतरलं होतं. दिवाळीपर्यंत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. तहानही वाढली होती, दोन-दोन बाटल्या पाणी गेटवर ठेवावं लागे. मार्तंडरावांनी त्याचाही अर्थ लावला की काढा शरीरातली घाण बाहेर काढतो आहे.

माघातल्या एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, धोंडबाने शाळेच्या व्हॅनसाठी गेट उघडलं आणि उघडता उघडता तो खाली बसला. मग आडवा झाला. रुखमाबाई तिसऱ्या मजल्यावरून राखेच्या हातांनी धावत आली. मार्तंडराव पोहोचले तेव्हा तो लोहाराच्या भात्यासारखा श्वास घेत होता आणि त्याच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. मार्तंडरावांनीच ऑटो थांबवला, त्यांनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सरकारी दवाखान्यात बोटाला टोचलं तर शुगर पाचशे ऐंशी.

वॉर्डातल्या डॉक्टर वैभवी ही विक्रमपेक्षाही लहान मुलगी. तिने सलाइन लावलं, इन्शुलिन सुरू केलं आणि मग रुखमाबाईला विचारलं, “गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“आठ महिने झाले असतीन,” रुखमाबाई म्हणाली. “साहेबाचा काढा चालू होता ना बाई. मी म्हणलं एक-एक गोळी खात जा म्हून, तं मले म्हणे, साहेबाले समजलं तं त्याइले काय वाटंन? त्याइच्यावर भरोसा नाही असं होईन.”

मार्तंडराव पुढे झाले. घसा खाकरून, कचेरीत खुलासा द्यावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. काढ्यात काय काय आहे, किती आटवतात, बारा जणांचे आकडे कसे उतरले. डॉक्टर वैभवीने सगळं ऐकून घेतलं.

“काका,” ती म्हणाली, “या वनस्पतींमध्ये काही नाही असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर अभ्यास चालू आहेत. पण तुमच्या पातेल्यात किती अर्क उतरतो, कोणाला किती चालतो, हे मोजलं कोणी? गोळीच्या जागी तो घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. यांचे पुढचे दोन दिवस काळजीचे आहेत, मी खोटं सांगणार नाही.” मग तिने विचारलं, “ते बारा जण खरंच गोळी घेत नाहीत?”

“एकही नाही.”

“एकदा विचारून बघा,” डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

घरी येईपर्यंत मार्तंडरावांच्या मनाने धोंडबालाच आरोपी ठरवून टाकलं होतं. खाल्लं असेल काहीतरी. लग्नाबिग्नात गेला असेल, पंक्तीत बसला असेल. बारा जणांना गुण आणि एकाला नाही, तर चूक त्या एकाची, हा हिशेब सरळ होता. तरीपण संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. वही उघडली आणि एकेकाकडे बघत विचारलं, “डॉक्टरीणबाई विचारून राहिली आहे. तुमच्यापैकी कोणी गोळी घेतं का?”

मधुसूदन चपलेचा अंगठा चाचपत बसले. एक जण फोन आल्यासारखं करून उठायला लागला. शेवटी सिंधूताईंना राहवलं नाही. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई ती.

“घेतो, मार्तंडराव. सगळेच घेतो. पहिल्यापासून.”

“म्हणजे?”

“म्हणजे डॉक्टरांच्या गोळ्या कोणीच सोडल्या नाहीत. काढा पीत होतो अन् गोळ्याही खात होतो. मधुसूदनांना त्या दिवशी घाम फुटला तो उपाशीपोटी गोळी खाल्ल्यानेच. तुम्ही एवढ्या मायेने पहाटे उठून करून राहिले होते... अन् चारुशीलावहिनींनी प्रत्येकाच्या घरी येऊन सांगितलं होतं, काढा प्या, पण गोळी सोडू नका. अन् यांना बोलू नका.”

मार्तंडरावांनी वही मिटली. ते जिने चढून वर गेले. चारुशीलाबाई दवाखान्यात न्यायला मऊ खिचडी टाकत होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि गॅस बंद केला.

“तू सांगितलं होतंस?”

“हो.”

“अन् माझी? माझी शुगर तर गोळीशिवाय उतरली ना?”

चारुशीलाबाईंनी कपाळावरचा घाम पदराने पुसला. “तुमची ब्लडप्रेशरची गोळी एक होती. दोन वर्षांपासून मी तीन देऊन राहिले. डॉक्टरांना विचारूनच.”

मार्तंडराव पाटावर बसले. तीन गोळ्या! दोन वर्षं रोज सकाळी त्यांच्या तळहातावर तीन गोळ्या पडत होत्या आणि त्यांनी त्या कधी मोजल्या नव्हत्या. त्यांना भयंकर राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. पोराला खेळण्यातली गाडी चालवू द्यावी तसं सगळ्या स्कीमने त्यांना काढा करू दिला होता. वहीतला एकेक आकडा त्या गोळ्यांचा होता, काढ्याचा एकही नव्हता.

“तुम्ही वर्षभर त्या खुर्चीत बसले होते,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, हा माणूस असाच बसल्या बसल्या जाईल. मग तुम्ही उठले, शीळ घालायला लागले. मी काय करायला पाहिजे होतं? तुमच्या हातातलं पातेलं काढून घेऊ?”

खरं सांगायचं तर त्या बाईच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही हेच केलं असतं. पण त्याच वेळी मार्तंडरावांच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली आणि ते ताडकन उभे राहिले. तेरा जणांत गोळ्या सोडून निव्वळ काढ्यावर राहिलेला माणूस एकच होता. पोतनीस साहेबांवर खरा विश्वास ठेवला तो फक्त त्याने.

“चारू, धोंडबाला का नाही सांगितलं?”

चारुशीलाबाईंनी खिचडीवर झाकण ठेवलं. मग त्या म्हणाल्या, “मी घरोघरी गेले होते.”

धोंडबाचं घर जिन्याखाली होतं. रोज त्याच्या दारावरूनच त्या वर-खाली करत.

ते दोन दिवस दोघांनी दवाखान्यात काढले. मार्तंडराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहत. रुखमाबाई त्यांना चहा आणून द्यायची आणि उलट तीच धीर द्यायची, “होईन साहेब चांगले, तुमी असे नोका बसू.” तिने एकदाही त्यांना बोल लावला नाही, आणि तिच्या हातचा तो चहा त्यांच्या हातात तसाच निवून जायचा. बायको त्यांच्याशी बोलत होती, ते तिच्याशी बोलत नव्हते. पण रागाने नव्हे. बोललं तर आपलंही नाव निघणार, हे त्यांना ठाऊक होतं. कोरे रकाने त्यांच्याच अक्षरातल्या वहीत होते. पट्टीचा नियमही त्यांचाच.

शनिवारी दुपारी धोंडबाने डोळे उघडले. शुगर दोनशेवर आली होती. डॉक्टर वैभवीने सांगितलं की धोका टळला, पण आता रोज सुई घ्यावी लागेल, आणि ती चुकवून चालणार नाही.

आत जाण्याआधी दाराशी चारुशीलाबाईंनी नवऱ्याची बाही धरली. “त्याला इतक्यात काही सांगू नका. सुई घे म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणावं. बस. आत्ताच कशाला त्याच्या जिवाला घोर?”

मार्तंडरावांनाही ते पटत होतं. सुई घेतली की झालं. कारण कळलंच पाहिजे असं थोडंच आहे? आपण कोणी खोटं बोलणार नाही, नुसतं गप्प राहायचं. एवढी सगळी माणसं दोन वर्षं गप्प राहिलीच होती.

धोंडबा उशीला टेकून बसला होता. दोन दिवसांत त्याचा चेहरा मुठीएवढा झाला होता. साहेबांना बघून त्याने हात जोडले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“साहेब, माफ करजा. माह्यामुळं तुमच्या काढ्याले बट्टा लागला.”

“अरे, काय बोलून राहिला?”

“पुतण्याचं लगन होतं ना गावाले. तीन दिवस गेलतो. तिथं काढा नाही घेतला, अन् बुंदी खाल्ली. रुखमी नाही म्हणे, तरी खाल्ली. माहीच चुकी झाली. तुमी इतकं जीव तोडून करता अन् मी...” त्याने डोळे पुसले. “आता एकही दिवस खाडा नाही करत. आजचा आणला का तुमी? मी तं वाटच पाहून राहिलो होतो.”

चारुशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मार्तंडराव खाटेच्या कडेवर बसले. धोंडबा अंग चोरून सरकायला लागला, साहेब आपल्या खाटेवर बसले म्हणून, तर त्यांनी त्याचा हात धरून ठेवला.

“काढा नाही आणला, धोंडबा. ऐक. तुझी काहीच चूक नाही. बुंदीची नाही अन् लग्नाचीही नाही. काढ्याने तुझी शुगर उतरत नव्हती. कोणाचीच उतरत नव्हती. ते बारा जण आहेत ना, ते सगळे डॉक्टरांच्या गोळ्या खात होते. गुपचूप. त्या गोळ्यांनी त्यांची शुगर उतरली.”

धोंडबा हसला. साहेब थट्टा करून राहिले असं त्याला वाटलं असावं. मग त्यांचा चेहरा बघून तो हसायचा थांबला.

“अन् तुमी?”

“मीही. मला माहीत नव्हतं. ही मला देत होती.”

धोंडबाने बाईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पायथ्याशी उभ्या असलेल्या रुखमाबाईकडे. त्याला हे सगळं जुळवून घ्यायला वेळ लागला. मग त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, गेटवर कोणाला कुठल्या फ्लॅटमध्ये जायचं आहे हे विचारायचा तसंच विचारलं.

“मंग सगळ्याइले सांगतलं, तं मले काहून नाही सांगतलं?”

हा प्रश्न मार्तंडरावांना नव्हता आणि उत्तर देणं त्यांच्या हातात नव्हतं. चारुशीलाबाई पुढे आल्या. खोटं सांगायला त्यांना जागा होती. तुझ्या गोळ्या चालूच आहेत असं वाटलं, म्हणता आलं असतं. तू झोपला होतास, म्हणता आलं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला.

“विसरले रे धोंडबा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका आला. “तुला सांगायची आठवणच झाली नाही मला.”

रुखमाबाईने धोंडबाच्या पायावरची चादर सारखी केली. त्याला राग आलेला दिसत नव्हता. त्याला फक्त एक गोष्ट कळत नव्हती, आणि कळत नाही ते विचारलं पाहिजे म्हणून त्याने विचारलं.

“काढा द्याची तं आठवण रोज होत होती ना, बाई?”